गरम पाणी सोडा

चौथ्या रविवारी चिमटीला वर्तमानपत्राच्या पुरवणीत स्वतःचं वाक्य भेटलं.

“शेवटचे दोन रुमाल राहिले की इस्त्री बंद करावी; ते दोन उरलेल्या उष्णतेवर होतात.”

वाक्य तिचं होतं, अर्धविरामासकट. वरचा फोटो मात्र नणंदेचा होता. हनुवटीखाली हात, डोळ्यांत साऱ्या जगाच्या संसाराची काळजी. सदराचं नाव ‘काटकसरीचं कपाट’.

आधीच्या तीन रविवारी तिने स्वतःची समजूत घातली होती. साबणाच्या उरलेल्या चिपा जुन्या मोज्यात भरून नळाला टांगणं कुणालाही सुचेल. फ्रिजच्या दारात कागद धरून रबर सैल झालंय का ते बघणंही सुचेल. टूथपेस्टची चपटी ट्यूब कात्रीने कापली की तीन माणसांना अडीच दिवस जास्त पुरते, यातला अडीच हा आकडा जरा संशयास्पद होता. पण तोही तिने योगायोगाच्या खात्यात टाकला. अर्धविरामाला मात्र योगायोग म्हणता येईना. त्या घराण्यात अर्धविराम वापरणारी ती एकटीच होती.

चिमटी हे नावही नणंदेनेच ठेवलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, नवी सून चहाची पत्ती, मीठ, धुण्याची पावडर असं सगळं आधी मोजून मग चिमटीने टाकते हे पाहून ती म्हणाली होती, “ही तर चिमटी-चिमटीने संसार करते.” सगळे हसले. हसणं थांबलं, नाव राहिलं. आता सासूबाईही तिला चिमटी म्हणत आणि नवराही. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपटावर उरलं होतं. मुलींच्या शाळेत ती प्रयोगशाळा सांभाळायची: काचेची भांडी धुणं, द्रावणं बनवणं, तराजू पुसून झाकून ठेवणं. मोजणं हा तिचा स्वभाव होता की धंदा, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

चौदा वर्षं तिने घरातली एकेक बचत मोजून वहीत लिहिली होती. वहीही वाया गेलेलीच, कुणा मुलीने अर्ध्या वर्षातच टाकून दिलेली प्रयोगवही. कडधान्य आठ तास भिजवलं तर शिजायला किती मिनिटं कमी लागतात. झाकण ठेवून पाणी उकळलं तर किती. धुळीने माखलेला दिवा पुसला तर वाचायला दुसरा लावावा लागतो का. लिहिण्याची पद्धत प्रयोगवहीचीच: घ्या, मोजा, ढवळा, गाळा. फसलेले प्रयोगही लिहिलेले. न फसलेल्यांपेक्षा ते संख्येने जास्तच होते.

ही वही कुणी छापावी असं तिला कधी वाटलंच नव्हतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. दोन वर्षांपूर्वी तिने पहिली दहा पानं सुवाच्य अक्षरात उतरवून काढली होती, पुरवणीकडे पाठवायला, खाली स्वतःचं खरं नाव घालून. पाठवण्याआधी जेवणाच्या टेबलावर सहज दाखवली. नणंदेने दोन पानं चाळली आणि म्हणाली, “अगं, साबणाच्या चिपा कोण वाचणार? लोकांना जरा काहीतरी उंची हवं असतं.” ती दहा पानं कपाटात गेली. आणि दीड वर्षाने नणंद म्हणाली, “दोन दिवस दे गं ती तुझी वही, करमत नाही.” वही तीन आठवड्यांनी परत आली. मुखपृष्ठावर कपाचा गोल डाग होता.

नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि दर रविवारी दुपारी आईकडे जेवायला यायची. त्या रविवारीही आली. चिमटीने सगळ्यांना वाढलं, स्वतः बसली, आणि मग म्हणाली, “ताई, आजचं वाचलं.”

“वाचलंस? सकाळपासून फोन ठेवायला उसंत नाही. एक बाई तर रडल्याच.”

“इस्त्रीवर?”

“इस्त्रीवर. म्हणाल्या, इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.”

“ते माझ्या वहीतलं आहे.”

नणंदेने घास गिळला, पाणी प्याली, मग तोंड पुसलं. “अगं चिमटे, रुमाल काय तुझ्या माहेराहून आले? घरोघरी करतात हे सगळं. मी फक्त शब्द दिले.”

“शब्दही माझेच आहेत.”

“बरं बाई, तुझे. पण तुझं-माझं असं कधीपासून झालं आपल्यात? घरातलं घरातच राहिलं ना?”

“फोटो तुमचा आहे.”

“मग काय तुझा छापायचा? तूच म्हणतेस, फोटोत तुझे डोळे मिटतात.”

चिमटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, “बटाट्याची भाजी सरकव जरा.”

सासूबाई म्हणाल्या, “मला दोघी सारख्याच. आणि भांडायचं तर जेवून भांडा. अन्न पुन्हा गरम करायला गॅस लागतो. तिसाव्या पानावर आहे.”

निघताना नणंद दारात थांबली. चपला घालता घालता म्हणाली, “आणि हो, तुझं शुद्धलेखन बरं आहे. मी दर गुरुवारी मजकूर फोनवर पाठवत जाईन, नजर घालत जा. तो संपादक ऱ्हस्व-दीर्घावरून फार कटकट करतो. घरचं माणूस असताना बाहेरच्याला कशाला विचारायचं.”

आयत्या बिळावर नागोबा बसतो हे चिमटी लहानपणापासून ऐकत आली होती. बीळ झाडून द्यायला नागोबा मुंगीलाच बोलावतो, हे तिला नवीन होतं.

दुपारी नवरा आडवा झाल्यावर ती म्हणाली, “तुम्ही तिला काहीतरी बोला.”

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. डोळे न उघडताच तो म्हणाला, “मी काय बोलणार? दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसाने शांत उभं राहायचं असतं. बटणं दाबत सुटलं की आणखी बिघडतं.”

“आणि किती वेळ उभं राहायचं?”

“कुणीतरी येऊन सोडवेपर्यंत.”

कुणी येणार नव्हतं, हे चिमटीला पुरतं कळलं. त्या दुपारी भांडी घासताना तिने ठरवलं की उट्टं काढायचं. ओरडून नाही, रडून नाही आणि स्वतःच्या हाताला डाग लावून तर नाहीच. तशी संधी कधी येईल हे तिला माहीत नव्हतं. पण वाट बघणं तिला जमत होतं. थेंबाथेंबाने गाळताना जो घाई करतो त्याचं द्रावण गढूळ होतं, हे ती दर वर्षी नव्या मुलींना सांगायची.

म्हणून तिने शुद्धलेखनाला हो म्हटलं. पुढचे दोन गुरुवार स्वतःच्याच वाक्यांतल्या नणंदेने केलेल्या चुका तिने सुधारून दिल्या. नणंदेने वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवले होते हे तिच्या लक्षात आलं. फक्त उजव्या पानांचे. डावी पानं बाईसाहेबांनी उलटायचेही कष्ट घेतले नव्हते. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. नणंदेने यातलं काहीही करून पाहिलेलं नव्हतं. तिचे कपडे लॉन्ड्रीत जात, भांडी कामवाली घासे, इस्त्रीवाला खालीच बसे. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी ती दर रविवारी शहरभरच्या बायकांना मोरीत वाकायला लावत होती.

तिसऱ्या गुरुवारी, पाचव्या तासानंतर, चिमटी परीक्षानळ्या धूत होती तेव्हा फोन वाजला. हात पुसून तिने मजकूर उघडला.

“थंडी आली. लोकरीचे कपडे कळकट दिसताहेत? लॉन्ड्रीत देऊ नका. गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घाला, कपडे रात्रभर भीजवा, सकाळी चांगले खसाखसा चोळा. नविन घेतल्यासारखे होतात.”

तिने तो एकदा वाचला. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचला.

हे एकसष्टावं पान. पान तिच्या डोळ्यांसमोर होतं. वरची ओळ: “पांढरे पडदे: गरम पाणी, सोडा दोन चमचे.” खालची ओळ: “लोकर, कळकट: गरम पाणी सोडा.” आणि पान उलटलं की डाव्या बाजूला: “गार पाणी घ्या. केसांचा शाम्पू एक चमचा. दहा मिनिटं. चोळू नका.”

पडद्यांच्या ओळीत पाणी आणि सोडा यांच्यामध्ये स्वल्पविराम होता. लोकरीच्या ओळीत नव्हता. चिमटी स्वल्पविराम विसरणारी बाई नव्हती. तिने लिहिलं होतं की गरम पाण्याचा नाद सोडा. नणंदेने वाचलं होतं गरम पाणी आणि सोडा. मूठभर, रात्रभर आणि खसाखसा ही तिची स्वतःची भर. आयुष्यात एकदा जरी स्वतःच्या हाताने स्वेटर धुतला असता तर तिला ही ओळ चुकीची वाचताच आली नसती.

लोकरीच्या धाग्यावर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाण्यात ते उभे राहतात, सोड्याने धागा फुगतो आणि कमकुवत होतो, आणि चोळलं की खवले एकमेकांत अडकतात ते कायमचे. मग कपडा आटतो, घट्ट होतो, जाजमासारखा. तो पुन्हा सैल करता येत नाही. मोठ्यांचा स्वेटर बाहुलीच्या मापाचा करायचा असेल तर याहून चांगली कृती तिलाही लिहिता आली नसती.

तिने ‘भीजवा’चं ‘भिजवा’ केलं. ‘नविन’चं ‘नवीन’ केलं. मग लिहिलं, “शुद्धलेखन दोन ठिकाणी सुधारलं. बाकी कशाला हात लावला नाही.” यातला शब्द न् शब्द खरा होता. पलीकडून वर केलेला अंगठा आला.

मग तिने उरलेल्या परीक्षानळ्या धुतल्या. त्यातली एकही फुटली नाही.

कोण कोण फसेल याचा तिने विचार केला नाही असं नाही. तिच्या डोळ्यांपुढे नणंदेच्या मैत्रिणी आल्या: मऊ कोट, मोठी कपाटं, ‘किती गं छान लिहितेस’ म्हणणाऱ्या. त्यांचा एखादा स्वेटर गेला तर दुसरा होता. तिने हिशेबात तेवढ्याच धरल्या.

पुरवणी शनिवारी चार वाजता छपाईला जाते, हे नणंदेने फुशारकी मारताना सांगितलं होतं. शनिवारी चिमटी फ्रिज पुसत बसली होती. घड्याळात चार वाजले. तिने फडकं पिळलं आणि खालचा कप्पा पुसायला घेतला.

रविवारी नणंद जेवायला आली तेव्हा चांगलीच खुशीत होती. “आजचं कसं वाटलं, चिमटे?”

“शुद्ध होतं.”

“बघ. थोडी मदत केलीस तर किती बरं पडतं. उगाच वाकडं लावून घेतलं होतंस.”

“तुम्ही करून बघितलंत का, ताई?”

“मी? माझे सगळे कपडे गेल्याच आठवड्यात लॉन्ड्रीतून आले. नाहीतर केलं असतं.”

चिमटीने तिला आग्रहाने आणखी भात वाढला.

सोमवारी काही झालं नाही. लोकर वाळायला वेळ लागतो, आणि ओल्या कपड्याचं खरं माप कळत नाही. माणूस आशेवर असतो की वाळल्यावर सैल होईल. मंगळवारी मधल्या सुट्टीत भूगोलाच्या बाई शिक्षकांच्या खोलीत उभ्या होत्या. त्यांच्या जाकिटाच्या बाह्या कोपरापर्यंत आल्या होत्या आणि त्या सगळ्यांना हात पुढे करून दाखवत होत्या. संध्याकाळी नवरा घरी आला आणि बूट काढता काढता म्हणाला, “आज एका लिफ्टमधे दोन बायका होत्या. एकीच्या हातात एवढासा स्वेटर. दुसरीला विचारत होती, ही बाई राहते कुठे.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी कशाला बोलतोय. मी म्हटलं, कितवा मजला?”

चिमटी हसली. खूप दिवसांनी पोटातून हसली. नवऱ्याने तिच्याकडे जरा चमकून पाहिलं.

बुधवारी संध्याकाळी नणंद आली. दार वाजवलं नाही, ढकललं. सासूबाई खिडकीशी शेंगा निवडत होत्या, नवरा पेचकस घेऊन मिक्सर उघडून बसला होता. नणंद चपलांसकट आत आली.

“तू बघितलं होतंस.”

“काय बघितलं होतं?” चिमटीने विचारलं.

“लोकरीचं. तुला कळलं नाही? एवढी प्रयोगशाळा सांभाळतेस.”

“मला शुद्धलेखन बघायला सांगितलं होतं, ताई. मी शुद्धलेखन बघितलं.”

“संपादकाला दीडशे पत्रं आलीत. बायका कपडे घेऊन कचेरीत येतात. एकीने त्याच्या टेबलावर मफलर आपटला, तर म्हणे लाकडासारखा आवाज झाला. आणि मी काय मनाचं लिहिलं? तुझ्या वहीत आहे तसंच लिहिलं.”

“कुठल्या वहीत?”

नवऱ्याच्या हातातला स्क्रू जमिनीवर पडला आणि कपाटाखाली गेला. तो शोधायच्या निमित्ताने तो खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“नाही, तुम्ही म्हणाला होतात घरोघरी करतात,” चिमटी म्हणाली. “म्हणून विचारलं. कुठल्या घरच्या वहीत?”

नणंदेचा चेहरा लाल झाला. मग तो हळूहळू थंड झाला, आणि तसा तो जास्त वाईट होता. ती खुर्चीवर बसली. “ठीक आहे. तुझं आहे, तुझं आहे म्हणून नाचत होतीस ना? घे मग. येत्या रविवारी लिहिते की लोकरीची ती युक्ती माझ्या भावाच्या बायकोची. मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेत आहे, म्हणून मी डोळे झाकून विश्वास ठेवला. शाळेचं नावही घालते. बाकीच्या माझ्या, ही तुझी. झालं समाधान?”

चौदा वर्षांतलं एकच पान तिला मिळणार होतं, आणि तेही या रीतीने. चोराने चोरी कबूल करावी आणि फक्त फुटका माठ परत करावा, तसं. चिमटीच्या मनात आलं की ही बाई आपल्याला वाटली होती त्याहून हुशार आहे. पण तिने आवाज चढवला नाही.

“लिहा,” ती म्हणाली. “पानाचा फोटोही छापा. आहे ना तुमच्या फोनमधे?”

“छापते की.”

“आधी आईंना वाचून दाखवा.”

नणंदेने फोन काढला, बोट फिरवत एकसष्टावं पान शोधलं आणि आईपुढे धरलं. “वाच, आई. तूच वाच काय लिहिलंय.”

सासूबाईंनी शेंगा बाजूला केल्या, फोन हातभर लांब धरला आणि शाळकरी मुलीसारखं मोठ्याने वाचलं, “लोकर, कळकट. गरम पाणी सोडा.” मग फोन परत दिला. “बरोबर आहे की. लोकरीला गरम पाणी लावूच नये. माझी आईसुद्धा हेच सांगायची.”

नणंदेने फोन स्वतःकडे वळवला. तिचे ओठ हलले. एकदा, दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा वाचताना ती थांबली, आणि तिला कळलं हे चिमटीला दिसलं. चौदा वर्षं ‘चिमटी’ म्हणून हाक मारणाऱ्या तोंडावर ते उमटताना बघणं हे कुठल्याही रंग बदलणाऱ्या द्रावणापेक्षा सुंदर होतं. तिने ते सावकाश, पुरेपूर बघून घेतलं.

“आता काय हवंय तुला?” नणंदेने विचारलं.

“सदर. माझ्या खऱ्या नावाने. शुक्रवारी दोघी संपादकांकडे जाऊ. सांगायचं तुम्ही.”

“सगळं?”

“पहिल्या रविवारपासून.”

कपाटाखालून नवऱ्याचा आवाज आला, “सापडला.” कुणी लक्ष दिलं नाही.

त्या रात्री चिमटी दोन घास जास्त जेवली.

गुरुवारी सकाळी शाळेत प्रयोगशाळेचं दार मावशींनी उघडून ठेवलं होतं. मावशी म्हणजे शाळेच्या शिपाई. घंटा देणं, दारं उघडणं, मुलींना लागलं-खुपलं बघणं, सगळं त्यांच्याकडे. आज त्या आतच बसून होत्या, मांडीवर कागदाचं पुडकं घेऊन.

“बाई, जरा बघता का? तुम्हाला यातलं कळतं.”

पुडक्यात हिरवा स्वेटर होता. म्हणजे हिरवं काहीतरी होतं, पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचं, पुठ्ठ्यासारखं ताठ. त्यावर मोठ्या माणसाच्या स्वेटरची सहा बटणं एकमेकांना चिकटून उभी होती, रांगेत जागा नसल्यासारखी.

“बहिणीने विणलेला,” मावशी म्हणाल्या. “जाऊन सहा वर्षं झाली तिला. मी कधी पाण्यात घातला नव्हता. तिचा वास होता जरासा. पण गळ्यापाशी अगदी मळला, आणि म्हटलं आता असा घालून निघाले तर लोक काय म्हणतील. डब्याला गुंडाळून आणलेल्या कागदात वाचलं.”

चिमटीने स्वेटर हातात घेतला. कड दोन बोटांत धरून ताणून पाहिली. ताणली जाणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी पाहिली.

“तसं मी पेपरातलं काही करत नाही,” मावशी पुढे म्हणाल्या. “पण नाव वाचलं, ही तर आपल्या बाईंची नणंद. म्हटलं, बाईंच्या घरचं आहे म्हणजे तपासून घेतलेलं असणार.”

“माझ्याकडे ठेवा,” चिमटी म्हणाली. “बघते.”

तिने दिवसभर बघितलं. गार पाण्यात ग्लिसरीन घालून, सौम्य आम्लात बुडवून, पुन्हा गार पाण्यात. प्रत्येक वेळी मोजपट्टी लावली. खांद्यापासून खांद्यापर्यंत पाव सेंटीमीटरचाही फरक पडला नाही. हे होणार नाही हे तिला आधीच माहीत होतं, आणि मजकूर छपाईला जाण्याआधी, गुरुवार ते शनिवार असे दोन दिवस, काय होणार तेही माहीत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी दोघी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेल्या. संपादक थकलेला, सभ्य माणूस होता. टेबलाच्या कडेला आटलेल्या कपड्यांचा ढीग होता, त्याचं काय करावं हे कुणालाच न कळल्यासारखा. नणंदेने ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं. खाली मान घालून, भराभर, औषध घेतल्यासारखं. चिमटीने वही पुढे केली. संपादकाने पानं उलटली. डावीही उलटली. एकसष्टाव्या पानाशी तो थांबला, वाचलं, उलटलं, वाचलं, आणि नाकातून हसला.

“चांगली वही आहे,” तो म्हणाला. “फारच चांगली. येत्या रविवारी खुलासा छापतो आणि पुढच्या रविवारपासून तुम्हीच लिहा. तुमच्या नावाने.” तो नणंदेकडे वळला. “तुम्ही निदान यांना एकदा दाखवायचं होतं हो छापण्याआधी. एवढं टळलं असतं.”

नणंदेने मान वर केली. तिने तोंड उघडलं, चिमटीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मिटलेलं राहू द्यायला ती तयार होती. आणखी फजिती तिलाही नको होती. चिमटीने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तिला जमत होतं हे तिने सिद्ध केलंच होतं.

“दाखवलं होतं,” चिमटी म्हणाली. “गुरुवारी. मला चूक दिसली होती. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.”

संपादकाने चष्मा काढला. “का?”

“यांचं नाव जावं म्हणून.”

“आणि या लोकांचे कपडे?”

“ते मी धरले नव्हते.”

त्याने वही मिटून तिच्याकडे सरकवली. “यांनी न कळता छापलं. तुम्ही कळून छापू दिलंत. मी वाचकांना काय सांगू, कुणावर विश्वास ठेवा म्हणून? सदर बंद करतो. खुलाशात दोघींचंही लिहावं लागेल.”

“लिहा,” चिमटी म्हणाली.

जिन्यात नणंदेने तिला गाठलं. “वेडी आहेस का तू? हातात आलेलं घालवलंस. मी बोलणार नव्हते.”

“माहीत आहे.”

“माझं बुडवलंस ते बुडवलंस, स्वतःचंही बुडवलंस.”

“तुमचं बुडालं त्याचं मला काही वाटत नाही, ताई. आजही वाटत नाही.” आणि ती पुढे उतरून गेली. ते खरं होतं. घरी जाताना रस्ताभर तिने स्वतःला चाचपून पाहिलं, नणंदेबद्दल कुठे काही खुपतंय का. खुपत नव्हतं. वेळ आली तर नणंदेचं उट्टं तिने पुन्हा काढलं असतं. फक्त लोकर वापरली नसती.

शनिवारी अर्धीच शाळा होती. मुली गेल्यावर चिमटी स्वेटर घेऊन घंटेपाशी गेली. मावशी स्टुलावर बसल्या होत्या.

“नाही होणार,” ती म्हणाली. “कशानेच नाही. आणि मावशी, मला आधी माहीत होतं. छापायच्या आधी मजकूर माझ्याकडे आला होता.”

मावशींना समजायला वेळ लागला. “म्हणजे तुमच्या नजरेतून सुटलं?”

“नाही. सुटलं नाही. मी बोलले नाही. नणंदेचं आणि माझं भांडण होतं.”

मावशींनी स्वेटर घेतला. सवयीने त्याच्या बाह्या आत मुडपायला गेल्या, पण त्या वळेनात. मग तो त्यांनी तसाच मांडीवर ठेवला.

“त्या भांडणात मी कुठे होते, बाई?”

“नव्हतात.”

“तेच म्हणते मी.”

चिमटी उभी राहिली. सांगण्यासारखं आणखी काही नव्हतं, आणि जे होतं ते समजावणीचं होतं. खवले, सोडा, उष्णता. ते तिने सांगितलं नाही. मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, उठल्या आणि शेवटची घंटा दिली. शाळेत ती ऐकायला दोघींशिवाय कुणी नव्हतं.

रविवारच्या पुरवणीत कोपऱ्यात आठ ओळींचा खुलासा आला. त्यात चिमटीचं खरं नाव पहिल्यांदाच छापून आलं होतं, आडनावासकट, शुद्ध. नवऱ्याने तो वाचला आणि पान सासूबाईंकडे दिलं. नणंद जेवायला आली नाही.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचं दार बंद होतं. मावशी वऱ्हांड्यातून आल्या. रोज त्या चावी चिमटीच्या हातात द्यायच्या आणि रात्री थंडी किती होती ते सांगायच्या. आज त्यांनी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

“चावी, मॅडम,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वर्गाचं दार उघडायला गेल्या.